नोंद नाही, म्हणून दावा नाही

एकाच कंपनीची, एकाच नावाची पावडर. तिच्याविषयी दोन देशांत दोन निवाडे झाले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे जुलै २०१८ मध्ये ज्यूरीने अंडाशयाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या २२ स्त्रियांच्या बाजूने ४६९ कोटी डॉलरची भरपाई ठरविली. 'जॉन्सन अँड जॉन्सन'च्या पावडरीत ॲस्बेस्टॉसचे तंतू होते आणि ते आमच्या आजाराचे कारण ठरले, असा त्यांचा दावा होता. पुढे अपिलात ही रक्कम २१२ कोटींवर आली. जून २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला आणि व्याजासह सुमारे २५० कोटी डॉलर कंपनीला मोजावे लागले. इकडे ११ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, मुलुंडच्या कारखान्यातील त्याच कंपनीच्या बेबी पावडरवर राज्य सरकारने घातलेली बंदी रद्द केली. तेथे ॲस्बेस्टॉसचा प्रश्नच नव्हता. वाद होता तो पावडरीच्या 'पीएच'चा, म्हणजे आम्लता-अल्कतेच्या मोजमापाचा.

या दोन निवाड्यांमध्ये जे अंतर आहे ते केवळ दोन देशांच्या श्रीमंतीचे आहे, असे मानून आपण स्वस्थ बसतो. अमेरिकेत माणसाच्या जिवाला मोल आहे, आपल्याकडे नाही, असा एक उसासा टाकला की विषय संपतो. आम्हांला हे उत्तर सोयीचे परंतु अपुरे वाटते. उच्च न्यायालयाने मुलुंडच्या प्रकरणात जे केले ते त्याच्यासमोर आलेल्या पुराव्यावर केले. प्रश्न हा आहे की त्याच्यासमोर याहून वेगळा पुरावा कधी आला का, आणि येऊच शकला नाही तर का?

मुळात शंखजिरे आणि ॲस्बेस्टॉस यांचा संबंध काय, हे प्रथम पाहू. ज्याला आपले जुने लोक शंखजिरे अथवा संगजिरे म्हणत आणि इंग्रजीच्या अनुकरणाने आपण टाल्क म्हणतो, ते मॅग्नेशियमचे एक मऊ खनिज. ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट, क्रायसोटाइल ही ॲस्बेस्टॉस वर्गातली खनिजेही मॅग्नेशियमयुक्त सिलिकेटेच असून, ज्या खडकांत शंखजिरे तयार होते त्याच खडकांत ती सापडू शकतात. एका शिरेत शुद्ध शंखजिरे मिळते, शेजारच्या शिरेत तंतू निघतात. म्हणजे ही भेसळ कुणी दुकानात बसून केलेली नसते, ती भूगर्भातच झालेली असते. खाण कोणती, तिच्यातला कोणता थर उपसला, आलेला माल कोणत्या उपकरणाखाली तपासला, यावरच सारे अवलंबून. ॲस्बेस्टॉसचा तंतू श्वासावाटे आत गेला की तो विरघळत नाही. फुफ्फुसाच्या अथवा पोटाच्या आवरणाचा जो कर्करोग त्यातून होतो, त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. तंतू शरीरात शिरणे आणि रोग उघड होणे यांत वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण या विषयावर भीती विकणारेही पुष्कळ आहेत. ॲस्बेस्टॉसमिश्रित शंखजिरे कर्करोगकारक आहे, यात वैज्ञानिकांत दुमत नाही. ॲस्बेस्टॉसविरहित शंखजिऱ्याबाबत मात्र वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये त्याला 'संभवतः कर्करोगकारक' या वर्गात घातले. याचा अर्थ संशय बळकट आहे, निर्णय पक्का नाही. आपली पावडर सुरक्षित होती आणि तीत ॲस्बेस्टॉस नव्हते, हे कंपनीचे म्हणणे आजही कायम आहे. काही खटले तिने जिंकलेही आहेत, काही निकाल अपिलात फिरले आहेत.

मग अमेरिकन स्त्रियांच्या हाती असे काय होते? कागद. डिसेंबर २०१८ मध्ये 'रॉयटर्स' या वृत्तसंस्थेने या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांचा अभ्यास करून एक दीर्घ वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९७१ पासून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत कंपनीच्या कच्च्या मालात आणि तयार पावडरीत काही तपासण्यांमध्ये अल्प प्रमाणात ॲस्बेस्टॉस आढळले होते, आणि ही गोष्ट नियामकांना सांगितली गेली नव्हती, असे त्या कागदांवरून दिसत होते. हा वृत्तान्त एकतर्फी असल्याचे सांगून कंपनीने तो फेटाळला. परंतु ते कागद बाहेर आले कसे? पत्रकाराने तिजोरी फोडली नव्हती. खटल्यात प्रतिपक्षाकडून कागद मागण्याचा आणि न दिल्यास न्यायालयाकडून दंडित करविण्याचा जो कठोर हक्क तेथील वादीला आहे, त्या हक्काने ते बाहेर आले. पन्नास वर्षांपूर्वीची प्रयोगशाळेची टिपणे, व्यवस्थापकांची पत्रे, खाणींचे अहवाल. दावा उभा राहिला तो या ढिगावर.

या वृत्तान्ताचे पडसाद आपल्याकडेही उमटले. केंद्रीय औषध नियामकांनी मुलुंड आणि हिमाचल प्रदेशातील बद्दी येथील कारखान्यांतून नमुने घेतले व साठ्यातील कच्चा माल वापरण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये नमुन्यांत ॲस्बेस्टॉस नसल्याचे जाहीर होऊन उत्पादन पुन्हा सुरू झाले. ते नमुने निर्दोष निघाले ही समाधानाची गोष्ट आहे, तिच्यावर अकारण शंका घेण्याचे प्रयोजन नाही. तथापि त्या नमुन्यांनी २०१८-१९ च्या मालाविषयी सांगितले. १९७५ साली अथवा १९९० साली जो डबा पाळण्याशेजारी होता, त्याच्याविषयी ते काय सांगणार? आणि आज जो रोग प्रकट होईल तो त्या डब्याचा असेल, २०१८ च्या नव्हे.

मुलुंडच्या प्रकरणाकडे वळू, कारण आपल्या प्रशासनाचे चित्र त्यात स्वच्छ दिसते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पुणे आणि नाशिक येथून घेतलेले पावडरीचे नमुने लहान मुलांच्या पावडरीसाठी ठरविलेल्या पीएच-मर्यादेत बसत नाहीत, असे आढळले. कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेनेही तसाच अभिप्राय दिला. त्यावरून सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द झाला आणि उत्पादन-विक्री थांबविण्याचा आदेश निघाला. मंत्र्यांकडील अपिलातही तो कायम राहिला. कारवाई खंबीर दिसते. परंतु नमुना होता २०१८ च्या अखेरचा! जी वस्तू तान्ह्या बाळांच्या अंगाला लागते आहे आणि धोकादायक आहे असे प्रशासनाला वाटत होते, तिच्यावर हात टाकायला जवळजवळ चार वर्षे लागली. उच्च न्यायालयाने नव्याने नमुने घ्यायला लावून ते तीन प्रयोगशाळांत, दोन सरकारी आणि एका खासगी, तपासून घेतले. तिन्हीकडे ते प्रमाणात निघाले. मुंगी मारायला हातोडा कशाला, अशा आशयाचे खडे बोल न्यायालयाने सुनावले आणि विलंबावरही ताशेरे ओढले. हे ताशेरे अन्यायाचे होते असे कोण म्हणेल?

हाच कारखाना २०१३ सालीही बातम्यांत होता. २००७ साली पावडरीच्या १५ खेपा निर्जंतुक करण्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरला गेला आणि त्याचा अंश पावडरीत उरला की नाही हे तपासले गेले नाही, हा तेव्हाचा आक्षेप. इथिलीन ऑक्साइड हे सिद्ध कर्करोगकारक आहे. खेपा २००७ च्या, परवान्यावरील कारवाई २०१३ ची. मधल्या सहा वर्षांत त्या खेपा कोणत्या गावी, कोणत्या दुकानी, कोणत्या घरी गेल्या, याचा माग कोणी काढावयाचा? कारवाई म्हणजे परवान्याचा कागद रद्द करणे, एवढीच आपल्याकडील समजूत. ज्याच्या अंगाला ती पावडर लागली त्याला शोधणे, त्याला कळविणे, त्याच्या प्रकृतीची नोंद ठेवणे, हे कारवाईच्या व्याख्येतच बसत नाही.

आता कल्पनेने खारदांड्याला येऊ. अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना महाविद्यालयाजवळच्या प्रशासकीय इमारतीत. खार पश्चिमेच्या किनाऱ्यावरील या कोळीवाड्यापासून न्यायाची दारे काही कोसांवर नाहीत, हाकेच्या टप्प्यात आहेत. समजा, तेथील एका साठीच्या भगिनीला धाप लागू लागली. आधी वस्तीतल्या डॉक्टरांकडे, मग भाभा रुग्णालयात, शेवटी परळला टाटा रुग्णालयात तिची वारी झाली आणि निदान निघाले मेसोथेलिओमा. तिने कधी कारखान्यात काम केलेले नाही. तिच्या आजीने बाळाला वेखंडाची पूड लावली, शेगडीवर धुरी दिली. तिच्या आईच्या पिढीत मात्र बाळंतविड्यात झबली-टोपड्यांसोबत पावडरचा डबा येऊ लागला आणि तिने स्वतः आपल्या तीन लेकरांना रोज पावडर थापली, आपल्याही अंगाला लावली. कोंदट खोलीत ती पावडर हवेत उडत होती, हे तिला आठवते. तिने दावा करावयाचा ठरविला, तर तिच्यापुढे काय वाढून ठेवले आहे?

कायदा तिच्या विरुद्ध आहे, असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते जुलै २०२० पासून अमलात आले. वस्तूत दोष असेल, मानकापासून ती ढळली असेल, धोक्याची पुरेशी सूचना दिलेली नसेल, तर उत्पादक जबाबदार धरता येतो. दावा कोणत्या आयोगात करावयाचा हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवरून ठरते. म्हणजे काही रुपयांच्या डब्यासाठी कोट्यवधींची भरपाई मागितली, तरी दार वांद्र्याचेच, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची, परंतु सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. हानी जेव्हा कळली, अथवा साध्या दक्षतेने कळू शकली असती, तेव्हापासून मुदत मोजावी, हे तत्त्व २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका प्रकरणात मांडलेले आहे. विक्री नव्या कायद्याच्या आधीची, तेव्हा नवे प्रकरण तिला लागू होते की नाही, यावर वकील भांडतील. तथापि सदोष वस्तूबद्दल दाद मागण्याचा हक्क १९८६ च्या कायद्यातही होताच.

अडेल ते पुढे. आयोग विचारेल, डबा कोणता? पावती कुठे आहे? खेप क्रमांक काय? चाळीस वर्षांपूर्वीच्या पावडरीची पावती खारदांड्यात सोडाच, पाली हिलवरही कुणी जपलेली नसेल. अमेरिकेतील वादींकडे तरी कुठे पावत्या होत्या? त्यांच्याकडे साक्षी होत्या, आणि त्या साक्षींना कंपनीच्या कारखान्यातील, खाणीतील नोंदींचा आधार होता. अमुक वर्षे अमुक खाणीचा माल आला आणि त्या खाणीच्या तपासणीत अमुक सापडले, ही साखळी जोडता आली. मुलुंडच्या कारखान्यात १९७० अथवा १९८० मध्ये कोणत्या खाणीचे शंखजिरे आले, ते कोणत्या पद्धतीने तपासले गेले, ही साखळी आपल्याकडे कधी सार्वजनिक झालेली नाही.

यापुढे आणखी एक भिंत आहे आणि ती आपणच बांधलेली आहे. कंपनीचा वकील त्या भगिनीला विचारील, बाई, तुमच्या घराचे छप्पर कशाचे? किनाऱ्यावरच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतून वर्षानुवर्षे जे सिमेंटचे पत्रे वापरले गेले, ज्यांना भोके पाडली, जे करवतीने कापले, पावसाळ्याआधी बदलले आणि मोडके तुकडे गल्लीतच टाकले, ते पुष्कळसे ॲस्बेस्टॉसचेच. तंतू पत्र्यातून आला की डब्यातून, हे तिने कसे सिद्ध करावे? जगातील साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपण देशातल्या खाणींना नवे परवाने देणे थांबविले, परंतु परदेशातून, विशेषतः रशियातून, ते आणणे चालूच ठेवले आणि आज जगातील मोठ्या आयातदारांत आपली गणना होते. या धोरणाने कामगारांच्या छातीत काय भरले हे आपण अधूनमधून बोलतो. पण त्याच धोरणाने, दुसऱ्या कुणाच्या दोषाने आजारी पडलेल्याचा दावाही बोथट करून ठेवला, हे सहसा ध्यानात येत नाही. सगळीकडेच विष पसरलेले असले की कोणाही एकाचे विष सिद्ध होत नाही.

या उपनगराला हा अनुभव नवीन नाही. १९५० च्या दशकात ब्रिटनच्या 'टर्नर अँड न्यूअल' कंपनीने घाटकोपरला 'हिंदुस्तान फेरोडो'चा कारखाना उभारला. तेथे ब्रेकच्या पट्ट्या आणि ॲस्बेस्टॉसची इतर उत्पादने होत. मूळ इंग्रज कंपनी २००१ साली तिच्या मायदेशातील दाव्यांच्या ओझ्याखाली कोसळली, आणि पीडितांना पैसे देण्यासाठी पुढे न्यास स्थापन झाला. मुंबईतील कामगारांचे दावेही तेथे दाखल झाले. विचार करा, घाटकोपरला खोकणाऱ्या माणसाने दाद कुठे मागावी? तर इंग्रजांच्या न्यासाकडे. आणि ती त्याला मागता आली ती कशाच्या बळावर? मुंबईतील काही ध्येयनिष्ठ डॉक्टरांनी आणि कामगार-आरोग्याच्या कार्यकर्त्यांनी एकेका कामगाराला बसवून त्याच्या नोकरीची वर्षे लिहून घेतली, क्ष-किरण चित्रे काढली, श्वासाची क्षमता मोजली, म्हणून. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची अशी तपासणी करून २००५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाचांत एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. सरकारी यंत्रणेला जे दिसले नव्हते ते वहीपेन्सिल घेऊन बसलेल्या चार माणसांना दिसले.

कामगारांसाठी निदान नियम तरी आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर जो निकाल दिला, त्यात कामगाराच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगाला बजावले की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत, जपून ठेवा. रोग उशिरा उगवतो म्हणून नोंदही लांब ठेवा, हा साधा विचार. या निकालाचे पालन किती झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु जो रोग कामगाराला चाळीस वर्षांनी होतो, तो ग्राहकालाही चाळीस वर्षांनीच होणार. ग्राहकासाठी मात्र अशी एक ओळही नाही.

नोंद नसली की काय होते याचे दुसरे उदाहरण याच कंपनी-समूहाचे आहे. त्याच्या 'डीप्यू' या उपकंपनीने 'एएसआर' नावाचे कृत्रिम खुबे विकले आणि त्यांतून धातूचे कण रक्तात उतरू लागल्याने २०१० साली जगभर माघारी बोलाविले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत माहीम पोलिसांकडे तक्रार नोंदविली, ही त्या प्रशासनाच्या लौकिकाला शोभणारी गोष्ट, हे मान्य करू. परंतु देशात सुमारे ४७०० शस्त्रक्रिया झालेल्या असताना, केंद्राच्या तज्ज्ञ समितीने २०१८ च्या सुमारास शोध घेतला तेव्हा सुमारे ३६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. खुबा म्हणजे काही पावडर नव्हे. तो इस्पितळात, शल्यगृहात, वैद्याच्या हातून बसविला जातो आणि प्रत्येकावर क्रमांक असतो. तरीही चारांत तीन माणसे हरवली! अमेरिकेत २०१३ सालीच सुमारे ८००० रुग्णांसाठी २५० कोटी डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले, आणि २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख देऊ केले. क्रमांक असलेल्या खुब्याची ही गत, तर डब्यातल्या भुकटीची काय वर्णावी?

कोणी म्हणेल, मग अमेरिकेच्याच न्यायालयात जावे. भोपाळने तो धडा दिलेला आहे. १९८६ साली अमेरिकन न्यायाधीशांनी तो खटला भारतात चालवा म्हणून परत पाठविला आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर सारे मिटले. आज तर प्रतिवादी कोण, हेच निश्चित करणे कठीण व्हावे अशी रचना होत आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात या कंपनीने आपली शंखजिऱ्याची सारी देणी एका नव्या उपकंपनीत ढकलून तिला दिवाळखोरीत काढण्याचा प्रयत्न केला. जानेवारी २०२३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो हाणून पाडला. दुसरा प्रयत्न त्याच वर्षी जुलैत फसला, तिसरा ३१ मार्च २०२५ रोजी ह्यूस्टनच्या न्यायालयात. साठ हजारांहून अधिक दावेदार समोर असताना, नफ्यात चालणाऱ्या समूहाने दिवाळखोरीचा आश्रय शोधावा, हे आमच्या मध्यमवर्गीय वाचकाला, जो गृहकर्जाचा एक हप्ता चुकला तर रात्रभर झोपत नाही, त्याला चमत्कारिक वाटेल.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे वळण २०२३ चे आहे. कंपनीने आपला ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय 'केनव्ह्यू' या नावाने वेगळा काढला आणि अमेरिका व कॅनडा वगळता अन्य देशांतील शंखजिऱ्याच्या दाव्यांची जबाबदारी तिच्याकडे गेली. म्हणजे भारतीय ग्राहकाचा दावाही. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये 'किम्बर्ली-क्लार्क'ने ही केनव्ह्यू विकत घेण्याचा करार जाहीर केला. खारदांड्याच्या भगिनीने डबा घेतला तेव्हा त्यावर एक नाव होते. ती दावा करील तेव्हा नाव तिसरेच असेल. शंखजिऱ्याची पावडर तर अमेरिकेत आणि कॅनडात २०२० सालीच थांबविली गेली आणि २०२३ पासून जगभर मक्याच्या पिठाची आणण्याचे ठरले. तीन वर्षे जी वस्तू तेथील बाळांसाठी मिळत नव्हती ती आपल्या बाळांसाठी मिळत होती. मागणी कमी झाली म्हणून तेथे थांबविली, सुरक्षिततेमुळे नव्हे, असे कंपनीचे स्पष्टीकरण आहे. वाचकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावावा.

दरम्यान ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे ३००० जणांनी एकत्र येऊन लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. कंपन्या तो लढवीत आहेत. त्याचा निकाल काय लागेल ते दिसेल. परंतु आपल्याच राष्ट्रकुलातील, आपल्याच धाटणीच्या कायद्याच्या देशात तीन हजार माणसे एकत्र येऊ शकतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांना एकत्र आणणारी वकील मंडळी आहेत, आणि प्रत्येकाच्या हाती त्याच्या डॉक्टरांकडची उभ्या आयुष्याची वैद्यकीय नोंद आहे.

म्हणून आमचे मागणे भरपाईच्या आकड्याविषयी नाही. मुंबईत देशातील पहिली कर्करोग-नोंदवही १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, हा या नगरीचा अभिमानाचा विषय. तीत रुग्णाचे वय, वस्ती, रोगाचे स्थान लिहिले जाते. मेसोथेलिओमाचा प्रत्येक रुग्ण आणि अंडाशयाच्या कर्करोगाची प्रत्येक रुग्ण यांच्यापुरती तरी या नोंदीला एका पानाची जोड द्यावी. कुठे राहिलात, छप्पर कशाचे होते, घरातील कोण कोणत्या कारखान्यात होते, कोणती पावडर किती वर्षे वापरली. हे पान भरायला अर्धा तास लागतो आणि रुग्ण जिवंत असतानाच ते भरता येते. टाटा रुग्णालयाच्या आवारात परगावच्या रुग्णांची सेवा करणारे आपले किती तरी कार्यकर्ते आहेत. धर्मशाळेची व्यवस्था, जेवणाचे डबे, रक्तदान ते करतातच. रुग्णालयाच्या अनुमतीने हे पान भरण्याचे कामही त्यांच्याकडून होऊ शकेल.

शासनाकडे दोन गोष्टी मागाव्यात. शंखजिऱ्याच्या प्रत्येक खेपेची तपासणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली व्हावी. क्ष-किरणांची जी जुनी पद्धत उद्योगाने १९७६ पासून अंगीकारली, तिला सुमारे अर्ध्या टक्क्याखालचे ॲस्बेस्टॉस दिसत नाही. अर्धा टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु चिमूटभर भुकटीतही त्याचा अर्थ लक्षावधी तंतू असा होतो. आपल्या शंखजिऱ्याचा मोठा भाग राजस्थानच्या खाणींतून येतो, तेव्हा ही तपासणी केवळ एका परदेशी कंपनीच्या नावाने बोटे मोडण्यासाठी नव्हे. देशी नावांच्या डब्यांनाही ती तितकीच लागू असली पाहिजे. स्वदेशी म्हणून सवलत, असे येथे चालणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. १९९५ च्या निकालातील चाळीस वर्षांचा नियम शंखजिऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांना लावावा, आणि मुलुंड व बद्दी येथील आजवरच्या खेपांच्या, खाणींच्या आणि तपासण्यांच्या नोंदी नष्ट न करण्याचा आदेश केंद्रीय औषध नियामकांनी आताच काढावा. व्यवसायाची मालकी बदलते तेव्हा जुनी दप्तरे आधी गोदामात जातात आणि मग रद्दीत. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मुलुंड, घाटकोपर आणि वांद्रे येथील आमदारांनी एक साधा तारांकित प्रश्न विचारावा की अन्न व औषध प्रशासनाने २००७ पासून मुलुंडच्या कारखान्यातून घेतलेल्या प्रत्येक नमुन्याची तारीख, त्याच्या तपासणीची तारीख आणि त्यावरील कारवाईची तारीख कोणती. तीन रकान्यांचे ते कोष्टक सभागृहाच्या पटलावर आले, तर खारदांड्याच्या त्या भगिनीला वांद्र्याच्या आयोगात दाखविण्यासाठी एक तरी कागद मिळेल.